मीटिंग कुणाच्या घड्याळाने?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एकदम तीनवर जातात; उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवायचं, ही तिकडची ‘उन्हाळी वेळ’. त्याचा परिणाम सोमवारी संध्याकाळी हिंजवडीत दिसतो. शुक्रवारपर्यंत साडेसातला असणारा न्यूयॉर्कचा कॉल साडेसहाला येऊन बसलेला असतो. नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की तो परत साडेसातला. पुण्यात कुणी घड्याळाला हात लावलेला नसतो, तरी वर्षातून दोनदा संध्याकाळ हलते ती आपलीच.

मला हे फार दिवसांपासून खटकतं आहे. दुसऱ्या शहरात किती वाजलेत हे बघून मीटिंग ठरवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. लंडन आणि न्यूयॉर्क रोजचे, सिडनी अधूनमधून. बघायला वेळ लागत नाही, फोनला विचारलं की तो सांगतो. पण फोन जे सांगतो ते आत्ताचं. मीटिंग असते तीन आठवड्यांनी, आणि आत्ताचा फरक तीन आठवड्यांनी तोच असेल याची काहीही हमी नसते. ‘न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे’ हे वाक्य वर्षाचे जवळजवळ आठ महिने खरं असतं. उरलेल्या काळात ते साडेदहा तास मागे असतं.

यंदाचंच बघा. २०२६ मध्ये अमेरिकेने ८ मार्चला घड्याळ पुढे केलं, लंडनने २९ मार्चला. मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात एरवीचे पाच तास नसून चारच तास होते. ५ एप्रिलला सिडनीने घड्याळ उलट मागे घेतलं, कारण तिकडे तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. ऑक्टोबरात हेच सगळं उलट्या क्रमाने: ४ तारखेला सिडनी, २५ ला लंडन, आणि १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क. लंडन-न्यूयॉर्कमधली शरदातली फट एकाच आठवड्याची असते, त्यामुळे ती पटकन विसरली जाते आणि जास्त घोळ तिच्यातच होतात. तीन शहरांची मीटिंग या दिवसांत आली की मी सरळ कागद घेते. त्या त्या तारखेला प्रत्येक शहरात किती वाजले असतील ते लिहून काढते, वारासकट. न्यूयॉर्कमधली बुधवारची रात्र म्हणजे आपली गुरुवारची सकाळ. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण दुबईने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस केला. वेळ बरोबर काढली आणि वार चुकला, तर सगळी मेहनत वाया.

लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती मला दाखवली होती. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ काढायचं आणि उलटं धरायचं, बारा खाली आणि सहा वर. जे दिसेल ती लंडनची वेळ. त्यांनी दुपारी दोन वाजता करून दाखवलं होतं. तासकाटा दोनवर होता, तो उलटा धरल्यावर आठवर दिसला. मिनिटकाटा बारावर होता, तो सहावर आला. साडेआठ. लंडनमध्ये खरोखरच सकाळचे साडेआठ वाजले होते. नीट निरखलं तर तासकाटा अर्धं घर मागे राहतो, साडेआठला तो आठ आणि नऊच्या मध्ये हवा. पण वाचायला अडचण येत नाही. घड्याळावर आकडे नसून नुसत्या रेघा असतील तर आणखी सोपं. ही युक्ती फक्त लंडनच्या हिवाळ्यात चालते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ पुढे करतात, फरक साडेचार तासांवर येतो, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मनगटावरचं घड्याळ सुलटंच ठेवायचं.

घड्याळ उलटं धरून वेळ कळते ती आपल्या अर्ध्या तासामुळे. जगातल्या बहुतेक देशांनी ग्रीनिचपासून पूर्ण तासांचा फरक धरला, आपण साडेपाच तासांचा. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मिर्झापूरजवळून जाणारं ८२.५ अंशांचं रेखावृत्त प्रमाण मानलं की ८२.५ गुणिले चार, म्हणजे ३३० मिनिटं. बरोबर साडेपाच तास. नेपाळने १९८६ पासून पावणेसहा तास धरले आहेत, त्यामुळे काठमांडूशी बोलताना पंधरा मिनिटांचा हिशेब लागतो.

हाच गुणाकार मुंबईसाठी केला तर? मुंबई साधारण ७२.८ अंशांवर आहे. चारने गुणलं की २९१ मिनिटं, म्हणजे चार तास एक्कावन्न मिनिटं. हा होता बॉम्बे टाइम, मुंबईचा स्वतःचा टाइम. १ जानेवारी १९०६ ला सरकारने साऱ्या देशाला साडेपाच तासांचा स्टँडर्ड टाइम लावला, तेव्हा मुंबईला एकदम एकोणचाळीस मिनिटं पुढे जायला सांगितलं गेलं. मुंबई गेली नाही. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगड मारले. एकोणचाळीस मिनिटं लवकर कामावर जायचं म्हणजे काय, हे त्यांना कागदावर समजावून सांगायची गरज नव्हती. तेवढी झोप जाणार होती, तेवढ्या अंधारात चाळीतून बाहेर पडावं लागणार होतं. मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांचा मुद्दा होता की लोकांना कुणी विचारलंच नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं मुंबईत दोन वेळा चालत होत्या, आणि कुणी भेटीची वेळ दिली की ‘कुठला टाइम?’ असं विचारावं लागे. कोलकात्यानेही आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती.

या इतिहासाकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण मेहतांचा तो मुद्दा मला आजही लागू पडताना दिसतो. मुंबईचा विरोध आडमुठेपणाचा होता, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. रेल्वे आणि तार यांना एक वेळ हवी होती हे खरंच आहे. पण गरज एकाची आणि पहाट दुसऱ्याची जात असेल, तर दुसऱ्याला आधी विचारायला हवं.

आता आपल्या कॅलेंडरकडे येऊ. दर आठवड्याची मीटिंग ठरवली की तिचं इन्व्हाइट एका शहराच्या वेळेला बांधलेलं असतं. बहुतेकदा ज्याने पाठवलं त्याच्या शहराच्या. न्यूयॉर्कच्या माणसाने सकाळी नऊचं इन्व्हाइट पाठवलं, तर तिकडे बारा महिने नऊच वाजणार. पुण्यात ते उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेच इन्व्हाइट पुण्याहून साडेसहाचं गेलं असतं, तर आपल्याकडे बारा महिने साडेसहाच राहिले असते आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात आठ झाले असते. म्हणजे इन्व्हाइट पाठवणाऱ्याचं घड्याळ जागेवर राहतं, बाकीच्यांची हलतात. कुणी दुष्टपणाने हे करत नाही. बहुतेकांना ते माहीतही नसतं, कारण ज्याचं घड्याळ जागेवर आहे त्याला काही जाणवतच नाही. आणि इन्व्हाइट पाठवतो कोण? क्लायंट, किंवा मोठा साहेब. तो बहुधा इथे बसत नाही.

आमच्या टीममधल्या एका सहकारीणीच्या मुलाचा तबल्याचा क्लास संध्याकाळी पावणेआठला असे. कॉल साडेसहाला सुरू होई, सव्वासातला संपे, ती त्याला स्कूटरवरून सोडून येई. नोव्हेंबर आला, कॉल साडेसातला गेला आणि क्लास बुडायला लागला. ती काही बोलली नव्हती. आपल्याकडे असं बोलायची पद्धत नाही, कॉलची वेळ म्हणजे पावसासारखी, आली तशी घ्यायची. दुसऱ्या कशाच्या तरी बोलण्यात सहज निघालं. मी न्यूयॉर्कच्या मॅनेजरला सरळ लिहिलं, की हिवाळ्यात हा कॉल पुण्याच्या वेळेला बांधता येईल का. तिचं उत्तर लगेच आलं, आणि ते मला फार मोलाचं वाटलं. तिने लिहिलं होतं, आठला मला जमणार नाही, आठला मी मुलीला शाळेत सोडते, पण साडेआठला गाडीतून परत आलेली असते. साडेआठ म्हणजे आपले सात. दोघींनी अर्धा अर्धा तास सोसला. कॉल थोडा आटोपशीर केला, आणि सहकारीण पावणेआठच्या आधी मोकळी होऊ लागली. हे एका ईमेलमध्ये झालं. इतकी वर्षं कुणी तो ईमेल लिहिलेला नव्हता, एवढंच.

त्या उत्तरातला महत्त्वाचा भाग शाळेचा होता. न्यूयॉर्कमध्ये आठ वाजलेत हे फोन सांगतो. आठ वाजता ती कुठे असते, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारायची ही सवय घरोघरी आहेच, ऑफिसात आपण ती विसरतो. कोथरूडच्या कितीतरी घरांत भिंतीवर दोन घड्याळं दिसतात, एक इथलं आणि एक मुलगा किंवा मुलगी असेल तिथलं. आमच्या शेजारच्या काकूंचं दुसरं घड्याळ न्यू जर्सीचं आहे, देवघराच्या बाजूला, खाली मुलाने दिलेल्या कागदावर पेनने गावाचं नाव लिहिलेलं. त्या वर्षातून दोनदा स्टुलावर चढून ते स्वतः फिरवतात, काकांना हात लावू देत नाहीत. तारीख लक्षात ठेवायला त्यांनी सण धरले आहेत: होळीच्या आसपास पुढे, दिवाळीच्या आसपास मागे. तारखा तंतोतंत जुळत नाहीत, पण सण जवळ आला की त्या मुलाला फोनवर विचारून घेतात, ‘काय रे, तुमचं बदललं का?’ एकदा संध्याकाळी पाचला मी त्यांच्याकडे बसले असताना काकांनी फोन उचलला, तर काकू म्हणाल्या, ‘आत्ता नको हो, तिकडे साडेसात वाजलेत, तो गाडी चालवत असेल.’ वेळेबरोबर त्यांना तिथला रस्ताही दिसत होता. मीटिंग ठरवणाऱ्या प्रत्येकाला एवढं जमलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तसं पाहिलं तर गावागणिक वेळ वेगळी असते हे आपल्याला नवीन नाही. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता हे आपण गावानुसार बघतो. नागपूरला चंद्र दिसून गेलेला असतो आणि मुंबईची मंडळी अजून उपाशी वाट पाहत असतात. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, पंचवीस मिनिटांचा फरक तिथेच पडतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे, बागान टाइम म्हणतात त्याला. तिथला सूर्य साडेपाच तासांच्या हिशेबाने चालत नाही, म्हणून माणसांनी आपली सोय केली.

कामाच्या पत्रव्यवहारात मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: तीन अक्षरी नावं लिहीत नाही. जुलैमध्ये लोक बिनधास्त ‘ईएसटी’, म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, लिहितात, तेव्हा तिथे उन्हाळ्यातला ‘ईडीटी’ चालू असतो आणि दोन्हींत तासाचा फरक असतो. ‘आयएसटी’ आपला, तसाच आयर्लंडचा आणि इस्रायलचाही. म्हणून शहराचं नाव लिहावं. ‘न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी नऊ’ म्हटलं की उन्हाळा असो, हिवाळा असो, अर्थ एकच निघतो.

आपल्या फोनच्या पोटातली व्यवस्थाही शहरांच्या नावांवरच उभी आहे. टाइम झोन डेटाबेस नावाचा एक साठा आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी त्याचं काम सांभाळलं, आणि २०११ पासून तो इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. कुठल्या देशाने कधी घड्याळ पुढे केलं, कधी मागे, कधी तो प्रकारच बंद केला, हे सगळं त्यात ओळीओळीने नोंदलेलं असतं. त्यात भारताची ओळ ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला लॅपटॉपवर कोलकाता निवडावं लागतं ते यामुळे. १९७० पासून ज्या गावांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकच ओळ द्यायची, असा तिथला नियम. मुंबईचं एकोणचाळीस मिनिटांचं भांडण तोवर मिटलेलं होतं. ते वीस वर्षं आणखी टिकलं असतं, तर ‘एशिया/मुंबई’ अशी ओळ आज आपल्या फोनमध्ये दिसली असती.

हा साठा सांभाळणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर आहे, कारण सरकारं त्यांना सुखाने बसू देत नाहीत. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, मेक्सिकोने बहुतेक भागात २०२२ मध्ये. इजिप्तने बंद केलेली वेळ २०२३ मध्ये परत आणली. मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ तासभर मागे घेतो आणि रमजान दर वर्षी सरकतो. सगळ्यात वाईट अवस्था मार्च २०२३ मध्ये लेबनॉनची झाली. शनिवारी रात्री घड्याळं पुढे व्हायची होती, आणि गुरुवारी पंतप्रधान नजीब मिकाती यांच्या सरकारने जाहीर केलं की बदल रमजान संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चने ते मानलं नाही. रविवारी सकाळी बैरूतमध्ये दोन वेळा चालू होत्या. काही कचेऱ्या एकीवर, काही शाळा दुसरीवर, आणि लोकांचे फोन भलतंच काही दाखवत होते. सोमवारी सरकारने निर्णय मागे घेतला. हे सगळं वाचताना मला १९०६ ची मुंबई आठवत होती. घड्याळ हलवायचं म्हणजे लोकांचं उठणं, प्रार्थना, उपास सोडणं, मुलांची शाळा हलवायची असते, आणि ते दोन दिवसांच्या सूचनेवर कुणी मान्य करत नाही.

युरोपियन संसदेने मार्च २०१९ मध्ये हे पुढे-मागे करणं थांबवावं असा कौल दिला, पण सदस्य देशांचं एकमत काही झालं नाही. अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये कायमच्या उन्हाळी वेळेचं विधेयक मंजूर केलं, ते दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, अडलं. त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसणं काही इतक्यात सुटत नाही.

पुणे, न्यूयॉर्क आणि सिडनी एकत्र येतात तेव्हा तिघांनाही सोयीची वेळच नसते. कितीही शोधली तरी नसते, पृथ्वी गोल असल्याचा तो थेट परिणाम आहे. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. एका महिन्यात पुण्याने सकाळी साडेसहाला उठून बसायचं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे नऊ आणि सिडनीत दिवसाचे अकरा. दुसऱ्या महिन्यात न्यूयॉर्कने पहाटे सहाला, आपले तेव्हा दुपारचे साडेतीन आणि सिडनीचे रात्रीचे आठ. तिसऱ्या महिन्यात सिडनीने रात्री अकरापर्यंत जागायचं, आपण संध्याकाळी साडेसहाला आणि न्यूयॉर्क सकाळी नऊला. आधी प्रत्येकाला विचारलं होतं की पहाट परवडते की रात्र. सिडनीच्या माणसाने रात्र सांगितली, कारण सकाळी तो पोहायला जातो. न्यूयॉर्कची मॅनेजर म्हणाली, रात्री नऊला मुलगी झोपलेली असते, ती वेळ उलट बरी. पुण्यातल्या दोघांना साडेसहाची सकाळ नको होती, त्यांच्या घरी नळाला पाणी तेव्हाच येतं, म्हणून त्या महिन्यात ते सातला सामील होतात आणि त्यांचे विषय शेवटी घेतो. सिडनीच्या रात्रीची पाळी पुढे ऑक्टोबरात येत होती. ४ तारखेला त्यांचं घड्याळ पुढे गेलं की त्यांचे अकरा थेट बारा होतील, म्हणून ती पाळी सप्टेंबरात आणली आहे आणि ऑक्टोबरची सकाळ पुण्याने घेतली आहे.